कानाला सरासरी ऐकू येत नाही

"माझ्या लिनक्सवर लेटन्सी १.३३ मिलिसेकंद आहे." असं कुणी अभिमानानं सांगितलं की मी एकच विचारतो, हा आकडा मोजलाय की वाचलाय? (लिनक्स ही संगणकाची फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टम, आणि लेटन्सी म्हणजे संगणकातून आवाज जायला लागणारा उशीर.) बहुतेकदा तो वाचलेलाच असतो. ऑडिओच्या सेटिंगमध्ये बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा, ६४ फ्रेम्सचा (नमुन्यांचा) ठेवला, सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने, तो ४८,००० ठेवला आणि ६४ ला ४८,००० नी भागलं की १.३३ मिलिसेकंद येतात. भागाकार बरोबर आहे. पण गाणाऱ्याच्या तोंडातून निघालेला आवाज त्याच्याच कानावरच्या हेडफोनमध्ये किती वेळानं पोचला, याचं ते उत्तर नाही.

तो आवाज आधी माइकमध्ये शिरतो. इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक आणि संगणक यांच्यामधल्या डबीत, त्याचे आकडे होतात, आणि हे आकडे करणाऱ्या चिपमध्ये जे डिजिटल फिल्टर असतात ते स्वतःचा थोडा वेळ घेतात. मग यूएसबी, मग कर्नल (लिनक्सचा गाभा), मग अल्सा (कर्नलचा आवाजाचा भाग), त्यावर जॅक किंवा पाइपवायर (आवाज प्रोग्रामांपर्यंत पोचवणारी सॉफ्टवेअर), मग आर्डरसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, आणि तिथून हाच सगळा रस्ता उलट दिशेनं हेडफोनपर्यंत. जाताना एक बफर भरावा लागतो, येताना दोन किंवा तीन बफर रांगेत उभे असतात. १.३३ हा त्यातल्या एका बफरचा वेळ. परभणीहून नांदेडला किती वेळ लागतो असं विचारल्यावर वाटेतल्या पूर्णेपर्यंतचा वेळ सांगावा, तसलं हे उत्तर झालं.

मी परभणीत राहतो. घराच्या वरच्या मजल्यावर रेकॉर्डिंगची एक लहान खोली आहे आणि तिथं गेली काही वर्षं मी सगळं काम लिनक्सवर करतो. येणारी मंडळी भजनी मंडळातली, कीर्तनकार, भारुडं करणारे, एखादा गोंधळी संबळ घेऊन येतो. गंगाखेड जनाबाईंचं, नरसी नामदेवांचं, पैठण एकनाथांचं. या पट्ट्यात गाणाऱ्या माणसाची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती परवडणाऱ्या साधनांची. म्हणूनच जिचा सोर्स कोड उघडा आहे, जी फुकट घेता येते, जुन्या लॅपटॉपवरही चालते, अशी प्रणाली इथं मोलाची आहे. आणि म्हणूनच तिच्याबद्दल सांगितलेला प्रत्येक आकडा खरा असावा असं मला मनापासून वाटतं. पैसे देऊन घेतलेली वस्तू चालली नाही तर माणूस दुकानात जाऊन भांडतो. फुकट घेतलेली चालली नाही तर तो गप्प बसतो आणि दोष स्वतःला देतो.

आधी हे मिलिसेकंद कानाला कसे लागतात ते सांगतो, कारण आकड्यांची चर्चा बऱ्याचदा कान बाजूला ठेवून चालते.

हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे फुटाहून थोडं जास्त. कीर्तनात मृदंगवाला एका टोकाला आणि शेवटचा टाळकरी दहा-बारा फुटांवर असेल, तर मृदंगाची थाप त्याच्यापर्यंत नऊ-दहा मिलिसेकंदांनी पोचते. त्यानं कुणाचा टाळ चुकत नाही. सप्ताहाच्या मोठ्या मांडवात शंभर फुटांवर बसलेल्या माणसाला समोरच्या स्पीकरचा आवाज जवळजवळ नव्वद मिलिसेकंदांनी ऐकू येतो, म्हणून जाणता साउंडवाला मधल्या खांबावरच्या स्पीकरला मुद्दाम त्याच्या अंतराइतका डिले देतो. थोडक्यात, आपल्या कलावंतांना उशिरानं येणारा आवाज नवा नाही. त्यामुळे "पाच मिलिसेकंदांच्या वर गेलं की वाजवताच येत नाही" हे जे बिनदिक्कत सांगितलं जातं, ते सरसकट खरं नाही.

पण हेडफोन लावला की गणित बदलतं. मृदंगाच्या शाईच्या अंगाची थाप फार टोकदार असते. हार्मोनियमचा सूर हळूच उमटतो, त्यात दहा मिलिसेकंद लपून जातात. थापेत लपत नाहीत. एक वयस्कर मृदंगाचार्य माझ्याकडे आले होते, आळंदीला शिकलेले, बोटं अशी की द्रुत लयीत डोळ्यांना दिसत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी येताना ब्लूटूथचा हेडफोन आणला होता. दोन आवर्तनं वाजवली आणि हात थांबवून म्हणाले, "सर, थाप आधी पडायलीय अन् आवाज मागून यायलाय. मी कुणाच्या मागं जाऊ?" ब्लूटूथमध्ये शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, तो हेडफोन काढून वायरचा दिला. मग मी बफर वरखाली करत गेलो, सेटिंग काय आहे ते त्यांना सांगितलं नाही. १०२४ फ्रेम्सवर त्यांनी मान हलवली. २५६ वर म्हणाले, वाजवता येईल, पण जड वाटतंय. १२८ वर त्यांनी मानच वर केली नाही, वाजवतच राहिले. मला हवं होतं ते उत्तर तेच.

गायकाचं आणखी वेगळं. स्वतःचा आवाज त्याला हाडांतून त्याच क्षणी ऐकू येत असतो. हेडफोनमधून तोच आवाज तीन-चार मिलिसेकंदांनी आला की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि काही स्वर पोकळ, काही फुगलेले वाटतात. उशीर झालाय असं गायक म्हणत नाही, तो म्हणतो, "आज आवाज लागंना." मग साउंडवाला इक्वलायझर फिरवत बसतो, आणि खरं कारण बफरमध्ये असतं. म्हणजे एकच आकडा मृदंगाला चालतो, गळ्याला चालत नाही, हार्मोनियमला धकून जातो. कुणासाठी, हे न सांगता दिलेला आकडा निम्माच असतो.

आता मोजायचं कसं ते. त्याला महागडं यंत्र लागत नाही, एक वायर लागते. इंटरफेसच्या आउटपुटमधून निघालेली वायर त्याच इंटरफेसच्या इनपुटमध्ये घालायची आणि जॅकच्या साधनांपैकी आयओडिले नावाचं छोटं साधन चालवायचं. हे काम मुळात फॉन्स ॲड्रियान्सेन यांचं. ते एकाच वेळी अनेक सूर बाहेर पाठवतं, परत आलेल्या सुरांची फेज, म्हणजे लाट किती सरकली ते, बघतं आणि जाऊन-येऊन एकूण किती वेळ लागला ते एका सॅम्पलच्याही अंशापर्यंत सांगतं. टाळी वाजवून रेकॉर्डिंगमधलं अंतर मोजणारेही आहेत; अंदाजाला ते ठीक आहे, पण त्यात माइकचं अंतर, खोली, सगळंच मिसळतं.

या साधनाच्या उत्तरात एक ओळ असते, ती मला फार आवडते: एक्स्ट्रा लूपबॅक लेटन्सी. जॅकला स्वतःला जेवढा उशीर ठाऊक आहे त्याच्या वर, चिपमध्ये, यूएसबीत आणि ड्रायव्हरच्या पोटात जो उशीर दडलेला आहे, तो ही ओळ वेगळा काढून दाखवते. उदाहरण घेऊ. १२८ फ्रेम्स, दोन पीरियड (म्हणजे रांगेतले दोन बफर), ४८,००० चा रेट. जॅकच्या कंट्रोल पॅनेलमध्ये लेटन्सी ५.३३ मिलिसेकंद दिसते. पण हा फक्त बाहेर पडायच्या बाजूचा हिशेब. आत येणारा एक बफर धरला की आठ झाले. जॅकची दुसरी आवृत्ती मूळ सेटिंगप्रमाणे असिंक्रोनस पद्धतीनं चालते, त्यात आणखी एक बफर वाढतो, म्हणजे साडेदहाच्या वर. त्यावर हा दडलेला उशीर. पडद्यावर पाच वाचलेल्या माणसाच्या हातात खऱ्या अर्थानं बारा-तेरा येऊ शकतात. इथं सॉफ्टवेअर खोटं बोललेलं नाही. त्यानं आपल्यापुरतं सांगितलं; ते पूर्ण प्रवासाचं म्हणून पुढं सांगणारे आपण असतो.

इथवरची गोष्ट सोपी होती. वायर लावा, मोजा, लिहा. अवघड गोष्ट पुढं आहे, आणि माझ्या मते प्रामाणिकपणाची खरी परीक्षाही तिथंच आहे.

बफर ६४ असणं म्हणजे संगणकानं दर १.३३ मिलिसेकंदाला, न चुकता, पुढचे ६४ नमुने तयार ठेवणं. सेकंदाला साडेसातशे वेळा. तासाला सत्तावीस लाख वेळा. यातली एक वेळ जरी हुकली तरी इंटरफेसला द्यायला काही नसतं आणि आवाजात कट्‌ असा तुटका येतो. त्यालाच एक्सरन म्हणतात. सत्तावीस लाखांपैकी सव्वीस लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव वेळा संगणक फार वेगात काम करून मोकळा झाला असेल, सरासरी सुरेख येईल, आणि तरी अभंगाच्या ऐन समेवर कट्‌ पडलेलं असेल. ते रेकॉर्डिंग वाया गेलं.

मराठवाड्यातल्या माणसाला सरासरीबद्दल वेगळं सांगायला नको. जून-जुलैत पेरणी होते, मग ऑगस्टात पावसाचा खंड पडतो, सोयाबीन फुलात असतानाच माना टाकतं, आणि सप्टेंबरअखेर दोन दिवसांत धो-धो कोसळून जिल्ह्याची सरासरी भरते. कागदावर पाऊस पूर्ण. शेतात काही नाही. पिकाला सरासरी पाऊस प्यायला मिळत नसतो, आणि कानालाही सरासरी लेटन्सी ऐकू येत नसते. दोघांनाही सर्वांत वाईट दिवस भोगावा लागतो.

म्हणून लेटन्सी सांगताना सर्वांत वाईट वेळ सांगायला हवी, आणि ती किती तासांतली सर्वांत वाईट, तेही. लिनक्समध्ये यासाठी सायक्लिकटेस्ट नावाचं साधन आहे. ते दर ठरावीक मायक्रोसेकंदांनी जागं व्हायचं ठरवतं आणि प्रत्यक्षात किती उशिरा जाग आली ते मोजत राहतं. त्याच्या ओळीत आधी सर्वांत कमी, मग आत्ताची, मग सरासरी आणि शेवटी सर्वांत जास्त असे आकडे येतात. सांगताना मात्र लोक पहिला किंवा तिसरा आकडा उचलतात. मी शेवटचा वाचतो.

हे काम नमुनेदार पद्धतीनं करणारी एक संस्था जर्मनीत आहे, ओसॅडल. त्यांनी वेगवेगळ्या जातींचे संगणक रांगेनं मांडून ठेवले आहेत आणि त्यांवर सायक्लिकटेस्ट नियमितपणे चालते. दर २०० मायक्रोसेकंदांना एक मोजणी, अशा दहा कोटी मोजण्या. एक फेरी पूर्ण व्हायला साडेपाच तास लागतात. निकालाचा जो आलेख ते देतात त्याची उभी पट्टी लॉगरिदमिक, म्हणजे टप्प्याटप्प्याला दहापट वाढणारी, असते. साध्या पट्टीवर दहा कोटींतली एक चुकार मोजणी डोळ्याला दिसलीच नसती. या पट्टीवर ती एकटीसुद्धा उजव्या टोकाला ठिपक्यासारखी उभी राहते. मांडण्याची पद्धत बदलली की खरेपणा कसा बदलतो, हे मला त्या आलेखांवरून उमगलं. चांगलं दाखवायचं असतं तर त्यांना साधी पट्टी वापरता आली असती, कुणी बोललंही नसतं. त्यांनी वाईटातलं वाईट दिसेल अशीच पट्टी निवडली.

आणि हे काही आजचं नाही. लिनक्सवर संगीत करू पाहणाऱ्यांची पहिली पिढी अशीच होती. १९९९ च्या सुमारास बेन्नो सेनोनर यांनी लेटन्सीटेस्ट नावाचा प्रोग्राम लिहिला. तो मोजणी करत असतानाच संगणकाला मुद्दाम त्रास द्यायचा. खिडक्या हलवायच्या, डिस्कवर लिहायचं, वाचायचं, फायली कॉपी करायच्या, आणि प्रत्येक त्रासाचा आलेख वेगळा काढायचा. त्या काळच्या लिनक्सच्या आलेखात मोठमोठे सुळके दिसायचे. ते झाकून ठेवले असते तर कर्नल लिहिणाऱ्यांना काय दुरुस्त करायचं ते कधी कळलंच नसतं. सुळके दिसले म्हणून पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, आले. इंगो मोल्नार यांचे आले, अँड्र्यू मॉर्टन यांचे आले. २००२ मध्ये रॉबर्ट लव्ह यांचं प्रीएम्प्शनचं, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून तातडीचं आधी करण्याचं, काम मुख्य कर्नलमध्ये शिरलं. पॉल डेव्हिस यांनी जॅक उभं केलं, आर्डर उभं केलं. पुढं मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर, स्टीव्हन रॉस्टेड आणि त्यांच्यासोबत अनेकांनी जवळजवळ वीस वर्षं प्रीएम्प्ट-आरटी हे रिअल-टाइमचं काम बाहेरून जोडत जोडत चालवलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नलमध्ये ते अखेर मुख्य प्रवाहात आलं. मला ही हकिकत फार मोठी वाटते. स्वतःच्या लाडक्या प्रणालीचा वाईट आलेख स्वतःच काढून चारचौघांत मांडणाऱ्या माणसांपासून ती सुरू होते.

या रिअल-टाइमबद्दलही लोकांना चुकीचं सांगितलं जातं. रिअल-टाइम कर्नल टाकला की संगणक वेगवान होतो असा समज आहे. तसं होत नाही. एकूण कामाचा वेग थोडा कमीसुद्धा होऊ शकतो. तो देतो ती वेळेची हमी. उशीर झाला तरी अमुक मर्यादेच्या आत होईल, एवढंच. आणि ती हमीही हार्डवेअर साथ देत असेल तोवर. काही लॅपटॉपमध्ये बायोस, म्हणजे संगणकाच्या बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, अधूनमधून प्रोसेसर ताब्यात घेतं, बॅटरी किंवा तापमान बघून परत देतं, आणि त्या वेळात काय झालं ते कर्नलला कळतही नाही. त्यासाठी हार्डवेअरची लेटन्सी शोधणारं वेगळं साधन आहे. अशा लॅपटॉपवर लिनक्सला नावं ठेवणं जितकं चूक, तितकंच "कर्नल बदला, सगळं ठीक होईल" असं कुणाला सांगून ठेवणंही चूक.

गंगाखेडकडचा एक तरुण यासाठीच माझ्याकडे आला होता. घरात भजनाची परंपरा, गळा गोड, शिक्षण बारावी. कुठंतरी वाचून त्यानं जुन्या दोन कोअरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, सेकंडहँड इंटरफेस घेतला, वाचलं होतं तसा ६४ चा बफर लावला. आवाजात सारखी कटकट. महिनाभर तो एकटाच झगडत होता. आला तेव्हा म्हणाला, "सर, लोकायचं सगळ्यायचं चालायलंय. माझ्याच्यानंच व्हईना." त्याचा तो "माझ्याच्यानंच" मला लागला. ज्या कुणी ६४ चा आकडा लिहिला होता त्यानं आपला संगणक कोणता, इंटरफेस कोणता, किती वेळ चालवून बघितलं, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. या पोरानं तो आकडा सगळ्यांसाठीचा म्हणून धरला आणि स्वतःला नापास ठरवलं.

आम्ही दोघं बसलो. त्याचा यूजर ऑडिओ ग्रुपमध्ये नव्हता, म्हणजे रिअल-टाइम प्राधान्य मागायची परवानगीच त्याच्या प्रोग्रामला नव्हती. प्रोसेसर पॉवर वाचवायच्या मोडवर होता. वायफाय चालू. हे सगळं नीट केल्यावरही ६४ वर त्या लॅपटॉपचा निभाव लागेना, आणि ते मी त्याला सरळ सांगितलं. २५६ फ्रेम्स, तीन पीरियड असं लावलं. यूएसबीवर तीन पीरियड बरे पडतात. बाहेर पडायच्या बाजूनं १६ मिलिसेकंद. मुद्दाम एका बाजूला मोठी फाइल कॉपी करत ठेवली, ब्राउझर उघडा ठेवला, आणि तो हार्मोनियम घेऊन गात बसला. तासभरात एकही एक्सरन नाही.

"पण १६ लई झालं ना, सर?" त्यानं विचारलं. तेव्हा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाखवलं. ते दाबलं की स्वतःचा आवाज संगणकापर्यंत न जाता इंटरफेसमधूनच परत कानात येतो, संगणकातून येतो तो फक्त आधी रेकॉर्ड झालेला टाळ-मृदंग. मग बफर १०२४ ठेवला तरी गाणाऱ्याला कळत नाही, आणि आर्डर मागाहून तो उशीर मोजून ट्रॅक जागेवर सरकवतं. घरी बसून अभंग रेकॉर्ड करणाऱ्या बहुतेकांना कमी लेटन्सीची गरजच नसते. ती लागते संगणकातलं वाद्य हातानं वाजवताना, किंवा गळ्यावर चालू कार्यक्रमात संगणकातून इफेक्ट लावताना. कमी आकड्याचं कौतुक करताना ही गोष्ट सांगायचीच राहून जाते, आणि माणसं नको त्या शर्यतीत लॅपटॉप पळवत बसतात.

आमच्याकडच्या हवेचा मुद्दा वेगळा मांडायला हवा, कारण मोजणीच्या अटींमध्ये तो सहसा कुणी धरत नाही. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि पहाटे गारव्यात तासन्‌तास बिनचूक चाललेलं सेटिंग दुपारी तीनला कटकटायला लागतं. वीज गेली की दुसरा प्रश्न. चार्जर बंद, लॅपटॉप बॅटरीवर. पॉवर वाचवणारं टीएलपीसारखं काही टाकलेलं असेल तर ते लगेच प्रोसेसरला पॉवर वाचवायच्या बाजूला नेतं, आणि जे एक्सरन दिवसभर नव्हते ते सुरू होतात. म्हणून मी मोजणी मुद्दाम दुपारीही करतो आणि चार्जर काढूनही करतो. थंड खोलीत, चार्जर लावून, वायफाय बंद करून, दुसरं काही न चालवता मोजलेला आकडा खोटा नसतो. पण तो त्या खोलीचा आकडा असतो, माजलगावच्या मंदिराच्या ओसरीवर सप्ताहात कीर्तन रेकॉर्ड करणाऱ्याचा नसतो.

तुलनेतही हाच न्याय हवा. दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमशी लिनक्सची तुलना करताना एकाच इंटरफेसवर, एकाच रेटला, त्याच वायरनं दोन्हीकडे मोजावं. विकत मिळणाऱ्या प्रणालींतही ड्रायव्हर आपल्या पोटात राखीव बफर ठेवतात आणि स्वतः सांगतात तोच आकडा पडद्यावर येतो. तिकडचा सांगितलेला आणि इकडचा मोजलेला, किंवा उलटं, अशी तुलना दोन्ही बाजूंना अन्यायाची. पाइपवायर फेडोरा या लिनक्सच्या ३४ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, घरोघरच्या लिनक्सवर येऊ लागलं. त्याचा मूळ बफर १०२४ फ्रेम्सचा, ४८,००० ला २१ मिलिसेकंदांचा. काही यूएसबी उपकरणांसाठी ते वर थोडा जास्तीचा साठाही राखतं. जॅक ६४ वर चालवून बघायचं, पाइपवायर आहे तसं १०२४ वर ठेवायचं आणि मग पाइपवायरला हळू म्हणायचं, असलेही प्रकार मी बघितले आहेत.

प्रामाणिकपणा म्हणजे सतत उणं सांगत राहणं असंही मी मानत नाही. चांगला इंटरफेस, नीट लावलेला लिनक्स आणि धड हार्डवेअर असेल तर ६४ फ्रेम्सवर तासन्‌तास काम चालतं, हे माझ्या खोलीत मी रोज अनुभवतो, आणि ते तितक्याच ठामपणे सांगतो. इतक्या सोयीची, इतकी उघडी, पोटातला प्रत्येक भाग खोलून बघता येईल अशी दुसरी प्रणाली मला माहीत नाही. सायक्लिकटेस्टचा कोड उघडा, आयओडिलेचा उघडा, कर्नलचा उघडा. मी सांगितलेला आकडा जिंतूरला किंवा उदगीरला बसलेला कुणीही एका वायरनं स्वतः तपासू शकतो. जिथं कुणालाही तपासता येतं, तिथं फुगवून सांगण्याचं कारणच काय? आपल्याकडे जाहिरात करणारी कंपनी नाही, माहितीपत्रक नाही. वापरणाऱ्यानं दुसऱ्या वापरणाऱ्याला सांगितलेला शब्द, तेवढीच या प्रणालीची पत.

आता मी कुणालाही लेटन्सी सांगतो तेव्हा आकड्यासोबत संगणकाचं आणि इंटरफेसचं मॉडेल देतो, कर्नलची आवृत्ती, रेट, फ्रेम्स, पीरियड, वायर लावून मोजलेला जाऊन-येऊनचा वेळ, त्या वेळी आणखी काय काय चालू होतं, किती तास चाललं, किती एक्सरन पडले, चार्जर होता की बॅटरी, आणि उन्हाळा असेल तर खोलीचं तापमान. वाचणाऱ्याला ते लांबलचक वाटतं, पण त्यातली आपल्याशी जुळणारी ओळ त्याला त्यातच सापडते. गंगाखेडच्या त्या तरुणालाही त्याच्या लॅपटॉपचे सगळे आकडे असेच कागदावर लिहून दिले. त्यानं फोटो काढून आपल्या मंडळातल्या दोघा-तिघांना पाठवला, आणि खाली स्वतः एक ओळ जोडली: "हे माझ्या लॅपटॉपवर आहे, तुमच्यावर वायर लावून बघा."